बांधावरचा आंबा

माझं माहेर वाईकडं. बाप सडकंच्या कडंच्या वडांवर देखरेखीला हुता. रोपं लावायची, काट्याचं कुंपण करायचं, पानी घालायचं, झाड एका अंगाला कललं की दुसऱ्या अंगाचं वझं जुळवून छाटायचं, ह्योच त्येचा धंदा, आन आमी बहिनी घागरी घिऊन त्येच्या मागं मागं. लगीन झालं आन हिकडं तासगावाकडं आले. सासरी काय हुतं? कोरडवाहू रान, आन सासूनं कोय रुजवून वाढवलेला एक आंबा. लोणच्याचा आंबा, दात आंबवणारा, पर असला डेरेदार की काय सांगू तुमाला.

सासू गेली, दोघा भावांनी रान वाटून घेतलं, आन आंबा नेमका बांधावर आला. थोरला दीर म्हनला, तोडा त्यो आंबा, त्येच्या वसव्यात माझा जुंधळा येत न्हाई. वसवा म्हंजी झाडाची सावली वो, दुसरं काय! मी म्हनलं, न्हाई तोडायचा. आमचं मालक तवा पलटणीत, लढाई चाललेली, जित्तं हायती का न्हाई ठावं न्हाई, आन ह्यो मेला पंच घिऊन माझ्या दारात. पंच म्हनलं, झाड येकट्यानं कुनी तोडायचं न्हाई, पर आपल्या रानावर आलेली फांदी ज्येनं त्येनं छाटावी. झाला न्याय! पानसुपारी खाऊन गेलं उठून.

तवा माणसं नेणाऱ्या सर्विस गाड्या कोळशावर चालायच्या, पेट्रोल समदं लढाईला. कोळसा पाडनारं लोक लाकूड धुंडत गावोगाव फिरायचं. दिराला आयतंच गिऱ्हाईक घावलं. दरसाली कुऱ्हाड घिऊन यायचा आन आपल्या बाजूची फांदी पार बुंध्यापतुर उतरवायचा, बोटभर खुट्टी ठेवायचा न्हाई. मी तोंड सोडायची, आवं तुमच्या आईनं लावलंय त्ये, माझ्या न्हवं. तर म्हनायचा, माझी बाजू हाय, पंचांना इचार. असला राग यायचा, वाटायचं तीच कुऱ्हाड हिसकून घ्यावी.

लढाई संपली, मालक घरला आलं. झाडाकडं बगितलं आन म्हनलं, भाऊ हाय, जाऊ दे. जाऊ दे म्हनं! सरकारासाठी लढून आलं, आन घरात भावाम्होरं मान खाली.

एका माघात दिरानं त्येच्या अंगाची शेवटची फांदी पाडली. आता समदं वझं माझ्या बाजूला, झाड माझ्याकडं कललेलं, आन त्येच्या बाजूला मुळांपाशी भुईला भेग पडलेली. बापाचं वड बगितल्यालं मी, मला सांगाया कुनी लागत न्हाई, वळवाच्या वाऱ्यात असलं झाड मुळासकट येतंय. आन माझ्या बाजूला मोहर असा की पान दिसंना. रडले मी, मग कासोटा घातला आन चढले वर. मोहरासकट फांद्या उतरवल्या, माझ्या हातानं. दीर बांधावर तंबाखू मळत बसला हुता, म्हनला, काय गं, तुलाबी वसवा लागाय लागला व्हय? खदाखदा हसला. मी झाडाच्या जखमंवर शेणमाती लिपत बसले.

वळीव आला, गावातली चांगली चांगली झाडं आडवी झाली. आमचा आंबा बोडका, पर उभा. त्या साली लोणच्याच्या कैऱ्या बाजारातनं आनल्या, कंदी न्हाई त्ये.

आन त्याच सालच्या आखाडात दीर गेला. झड लागलेली, आठ दिस सूर्व्या न्हाई. गावाची रीत हाय, मयताला घरटी लाकूड द्यायचं, पर समद्यांचं लाकूड चिंब. वाळलेलं म्हनशीला तर माझ्याच सोप्यात, आंब्याच्या त्याच फांद्या. पुतण्या आला, भिजलेला, उंबऱ्याच्या भाईरच हुबा ऱ्हायला, काकी म्हनला आन सोप्याकडं बोट केलं. मालक माझ्या तोंडाकडं बगाया लागलं, ही आता नाट लावती म्हनून. मी काय केलं, सवता लाकडं काढली, पोत्यानं झाकली आन गाडीत भरून दिली.

आता पानवठ्यावर बायका म्हनत्यात, सोनाबाईचं मन लय मोठं. जाऊबाई पाया पडली माझ्या. म्हनू द्या, पडू द्या. मन मोठं कसलं आवं! उन्हाळाभर वाळवलेलं लाकूड हुतं, म्हनलं नीट जळू दे, काय शिल्लक राहाया नगं.