चौथ्या दिवसाचं आंबवण

नाही रे बाबा, ओरिफाच्या टबात नाक खुपसून काही मिळायचं नाही तुला – धुऊन पालथा घातलाय तिनं. सकाळी मीच तिच्या घराकडं बोट दाखवलं, आहे लक्षात. बस जरा. गोरोका शहरातून एवढा चढ चढून आलायस, रताळं खा, गरम आहे. आम्हा अकरा बायकांची कॉफी कारखान्यानं परत पाठवली, कपात कुजका वास आला म्हणे, आणि आता जिनं नासवली तिचं नाव गटातून काढायचं – एवढंच ना तुझं काम? मग घाई कशाला? नासते कशी ते तरी ऐक.

लाल फळ तोडलं की त्याच दिवशी साल काढायची. आतली बी बुळबुळीत – ती टबात घालायची, केळीच्या पानांनी झाकायची, आंबू द्यायची. किती? आमच्या थंडीत दीड दिवस, फार तर दोन. घड्याळ लागत नाही. मूठभर घ्यायची, चोळायची – खरखर वाजली की झालं, लगेच नदीवर नेऊन धुवायची, ताडपत्रीवर पसरायची. बावीस वर्षं करतेय, माझी मूठ कधी चुकली नाही. विचार कुणालाही. म्हणजे – माझ्या नवऱ्याला नको विचारू, त्याला टब कुठं ठेवलाय तेही ठाऊक नाही. कापुवे झाडं लावतो आणि पोतं विकतो. मधलं सगळं माझं.

पाऊस होता ना त्या आठवड्यात. पावसानंही नासते. पाऊस लिही की. नाही चालत? नावच हवं? आणि लिहिलंस पण? ओरिफा? – तिचा टब चिरलाय म्हणून? अरे, चिरलेल्या टबातून पाणी गळतं, बी नासत नाही! विधवा बाई ती, या गटाशिवाय आहे काय तिला? बोट मी दाखवलं, हो, मीच – एकदा सांगितलं ना!

ती बघ खाली नदीवर, निळ्या ब्लाउजची. तबिता. माझी सवत. घरात येऊन तिसरा आठवडा. लग्नाआधी तिच्या माहेरी वधूमोल द्यायचं म्हणून कापुवेला पोतं विकायचं होतं. म्हणजे धुवायचं मी, वाळवायचं मी, आणि त्यातून यायची ती! तू काय केलं असतंस? मी काहीच केलं नाही. तेच केलं – काही नाही. दुसऱ्या दिवशी बी चोळली, खरखर वाजली, आणि पानं परत घालून रताळी खणायला गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी असा वास, की डुकरंसुद्धा फिरकेनात. मग धुतली, वाळवली छान. वाळल्यावर दिसायला सगळी सारखीच. वाटलं, रस्त्यावरचा व्यापारी एक दाणा फोडून हुंगेल, पोतं याच्या अंगावर फेकेल, मोडेल लग्न. पण आमचा शहाणा रस्त्यावर गेलाच नाही – गटाला भाव बरा म्हणून माझ्या नावानं सरळ बायकांच्या ढिगात ओतलं. मी तिथंच उभी होते. ओरिफा फावड्यानं ढीग कालवत होती, माझ्याकडं बघून हसत होती. मी तोंड उघडलं असतं तर – नाही उघडलं. आणि लग्न? झालंच की! माल परत आला तर त्यानं पैशांऐवजी तिच्या माहेरी माझी डुकरं दिली. चार. नावानं हाक मारली की धावत यायची. त्याचं काय वाकडं झालं? काही नाही. नुकसान झालं ते आम्हा बायकांचं, आणि ते मी केलं.

खोड तिचं नाव. माझं लिही – मोनापे. नवऱ्याला विचारून कशाला? मधलं सगळं माझं म्हटलं ना, मग हेही माझंच. लिहिलंस? दाखव – मला वाचता येत नाही, ओरिफाचं खोडलेलं तेवढं दाखव. बरं. आता ऊठ, ताडपत्रीवर बसलायस. ती बघ, ही बया बुळबुळीत बीच घेऊन येतेय वर. जा तू, उतार निसरडा आहे, जपून. – ए तबिते! थांब तिथंच! मूठभर घे. चोळ. वाजतेय का? नाही ना? मग फीर माघारी.