गुळणी आणि बोलणी

मृण्मयी : काका, दाढ काढली मंगळवारी. आज सोमवार. हा कापसाचा बोळा अजून तोंडात कसा?

गोदावरी : तो जुना नाही हो डॉक्टर. आजच घातलाय मी, रिक्षात बसताना.

मृण्मयी : पण कशाला, काकू? बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा आणि टाकून द्यायचा. आ करा बघू, काका. अजून थोडं. दाढेची खोबण मात्र छान आहे. रक्ताची गुठळी जागची हललेली नाही, वरून हिरडी धरायला लागलीय. आत हाड भरायला चार-सहा महिने जातील. दुखलं का मध्ये? नुसती मान हलवू नका, तोंडाने सांगा.

गोदावरी : कसे सांगतील? तुम्हीच बोलायचं नाही म्हणालात. आता येत्या रविवारपर्यंत तरी नकोच ना बोलायला? तसं सांगा की यांना.

मृण्मयी : मी कधी म्हटलं असं?

गोदावरी : मास्क लावलेला होता तुम्ही. म्हणालात, गुठळी हलेल, बोलणी नकोत.

मृण्मयी : गुळण्या, काकू, गुळण्या नकोत. त्याही पहिल्या दिवशी. जोरात चूळ भरली, थुंकलं, की गुठळी निघून येते आणि खालचं हाड उघडं पडतं. मग माणूस कळवळतो. बोलल्याने काही होत नाही.

गोदावरी : असेल बाई. त्या फडक्यातून गुळणी काय नि बोलणी काय, सारखंच ऐकू येतं.

मृण्मयी : आणि काका सहा दिवस गप्प?

गोदावरी : काल तर अगदी मुके. ओझरची मंडळी आली होती, आमच्या सरिताला बघायला.

मृण्मयी : अच्छा. म्हणजे खरंच बोलणी होती.

गोदावरी : हसताय काय? तीस वर्षं हे सातपूरला कंपनीत क्वालिटीत होते. व्हीआरएस घेतली, पण नजर काही रिटायर झाली नाही. पहिलं स्थळ आलं, तर हे मुलाच्या बापाला म्हणतात, तुमचा मुलगा डावीकडे झुकून चालतो. पोहे खाता खाता.

दिवाकर : झुकतच होता.

गोदावरी : फुटला बघा कंठ. दुसऱ्या स्थळाच्या पत्रिकेत सतरा मिनिटांची चूक काढली.

दिवाकर : एकोणीस.

मृण्मयी : आणि काल?

गोदावरी : मुलाचे वडील विमानाच्या कारखान्यात आहेत. दीड तास विमानांवरच बोलले. हे गालात बोळा धरून मान डोलावत होते. जाताना ते म्हणाले, व्याही फार समजूतदार मिळाले. मुलाला, ललितला, आमची सरिता पसंत आहे. रविवारी सुपारी फोडायची.

मृण्मयी : म्हणजे काकू, तुम्ही मुद्दाम?

गोदावरी : छे, कानाचा दोष.

मृण्मयी : काका, तुम्हाला चक्क फसवलं हो काकूंनी. मी दिलेल्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं.

(काका तोंडातला बोळा काढून ट्रेमध्ये ठेवतात.)

दिवाकर : वाचला तो. मंगळवारी रिक्षातच वाचला. गुळण्या असं स्वच्छ छापलंय. ‘चोवीस तास’मधली वेलांटी तेवढी ऱ्हस्व पडलीय, ती दुरुस्त करून घ्या.

गोदावरी : मंगळवारीच? मग सहा दिवस तोंड शिवून का बसलात?

दिवाकर : मागचं स्थळ मोडलं तेव्हा तू दोन दिवस भांडलीस माझ्याशी. सरिता मात्र पाहुण्यांच्या कपबश्या विसळत बसली. त्याच त्या परत परत विसळत होती. फार वाईट वाटलं मला. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी गप्प बसायचं. पण आपल्याच्याने होईल याची खात्री नव्हती. तू निमित्त दिलंस, बरं झालं.

गोदावरी : मला सांगायचं तरी.

दिवाकर : कसं सांगणार? बोलायचं नव्हतं ना.

मृण्मयी : बरं. आता जेवण झालं की कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या करा. बाकी बोलायला मोकळे.

दिवाकर : डॉक्टर, दोन-चार बोळे बांधून द्या.

मृण्मयी : आता कशाला?

दिवाकर : रविवारी सुपारी आहे. ते विमानांबद्दल जे सांगत होते ना, त्यातलं निम्मं चूक होतं.