एक उंदीर पडला आणि आमचं बिऱ्हाड उठलं

नाही, पण मी म्हणते, उंदीर आहे, मरणारच! आज ना उद्या सगळेच मरतात, त्यात त्याचं काय चुकलं? पण मेल्याने मरताना जागा तरी बघावी की नाही? समोर गटार आहे, मागे उकिरडा आहे, अख्खं अंबरनाथ मोकळं पडलंय… आणि हा बरोबर आमच्या मोरीत येऊन पडला! बसा हो काका, बसा, तुमचा नंबर माझ्यानंतरच आहे. मस्कतची लाइन लागत नाहीये, बूथवाले आण्णा मघापासून फोनची बटणं दाबतायत. लागेपर्यंत ऐका. कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं फुटेल आता.

तर तुम्हाला सांगते, मी असते मस्कतला. आमचे हे तिकडे बांधकामाच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. थोरला केदार पाच वर्षांचा, धाकटी वेणू दोनाची. दोन्ही पोरं तिकडेच वाढवली मी, आणि एकटीने वाढवली, काय? तिथं ना सासू, ना आई, ना शेजारीण. दात आले तरी मीच, कांजण्या आल्या तरी मीच. पोर तापाने फणफणलं तर खिडकीतून बघायचं कोणाकडे, वाळवंटाकडे? तेव्हा मी रोज म्हणायचे, आपल्या गावात असते तर चार माणसं धावून आली असती. चार? अहो, चाळीस धावली! पण कशी धावली ते तरी ऐका.

गणपतीला आलो आम्ही चौघं. विसर्जन झालं, ह्यांची रजा संपली, हे गेले. मी म्हटलं, जरा इथं सासरी, जरा माहेरी उल्हासनगरला राहते नि पाठोपाठ येते. झालं! तेवढ्यात सुरतेला प्लेग! टीव्ही लावावा तर तोंडाला फडकी बांधलेली माणसं, पेपर उघडावा तर तीच माणसं, आणि तिकडच्या लोकांनी काय केलं, तर विमानंच बंद! इंडियाचं माणूस नको, इंडियाचं विमान नको. बाप तिकडे, लेकरं इकडे, आणि मी मध्ये लोंबकळत. मला दुसरं काही नको हो… सोनं नको, नाणं नको, माझी पोरं त्यांच्या बापाजवळ नेऊन सोडायचीत, बस. परवा वेणूला ह्यांचा फोटो दाखवला. म्हटलं, कोण गं? तर म्हणाली, "काका." बापाला काका!

पण इथं त्याची कोणाला पडलीय? इथं ज्याला त्याला माझी लेकरं वाढवायची होती! आमच्या सासूबाई, सुंदराबाई, त्यांनी दोघांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधल्या. केदार शाळेच्या दप्तरासारखी मिरवायचा, वेणू चोखायची! मी काढायला गेले तर म्हणतात, "राहू दे गं, लेकरांच्या जिवासाठी आहे ते." सासरे, दौलतराव, फॅक्टरीत लेथवर आहेत, ते उल्हासनगरला सिंधी मेडिकलवाल्याकडे गेले, टेट्रासायक्लिन, ती प्लेगवरची गोळी, आणायला. तो शेठ म्हणतो, "साईं, माल खतम. कल आना. रुमाल ले जाओ ना, नया आइटम है, डोरीवाला." सासरे घेऊन आले डझनभर! सगळे मोठ्या माणसांच्या मापाचे. वेणूला बांधला तर डोळ्यांपर्यंत गेला, पोरगी भिंतीवर जाऊन आपटली. का? तर लेकरांच्या जिवासाठी! आणि आमच्या शेजारीण द्रौपदीबाई, त्या सकाळ-संध्याकाळ कडुलिंबाच्या पाल्याची धुरी घेऊन हजर. एवढ्याशा खोलीत तो धूर, पोरगं खोकणार नाही तर काय करेल? खोकला केदार. की झालंच! "खोकला! दौलतरावांचा नातू खोकला!" अख्ख्या चाळीची दारं धडाधड बंद. अहो, तुमच्याच धुराने खोकला ना तो!

ह्या सगळ्यात एकच माणूस शांत होतं, आमच्या आजेसासूबाई. बनूबाई. मूळच्या चामटोलीच्या, ऐंशीच्या पुढच्या, दात नाही पण आवाज असा की शिवमंदिरापर्यंत जावा. त्यांना ना कापूर, ना धुरी. सकाळी उठल्या की फक्त विचारायच्या, "उंदीर पडला का गो?" मी म्हणायचे, "नाही आजी." "मंग ऱ्हावा निवांत." मला वाटायचं, घरात एक तरी शहाणं माणूस आहे. हो… वाटायचं!

आणि एका सकाळी पडला. मोरीत, पाय वर करून. मी आपली सुपलीत घेऊन टाकायला निघाले, तर आजी दारात आडव्या. "कुठं पडला?" म्हटलं, मोरीत. "घरात?" म्हटलं, आजी, मोरी घरातच असते. झालं. काठी आपटली त्यांनी. "उठा रं समदी! उंदीर पडला का घर सोडायचा. अंगावरच्या कापडानिशी निघायचा, घरातला धागा घ्यायचा नाय, मागं बघायचा नाय. माळावर ऱ्हायाचा!" मी म्हटलं, आजी, हे काय तुमच्या लहानपणचं आहे का? तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "व्हय, तवाचाच हाय. माझ्या आयशीनं मला कडंवर मारून माळावर नेला. माझी दोन भावंडां मामाकडं व्हती. ती लोकां घर सोडाया तयार न्हवती. दोगां गेली. तुज्या पोरांना नेऊ का ठेवू, बोल."

मी सुपली खाली ठेवली, वेणूला कडेवर घेतलं. खरं सांगते, केदारचा हात धरून निघालेसुद्धा मी. पण चार पावलंच हं! मग डोक्यात वीज चमकली. पासपोर्ट! तिघांचे पासपोर्ट कपाटात! मी ओरडले, "आजी, पासपोर्ट तरी घेऊ द्या!" "ऱ्हावं दे. जीव ऱ्हायला तर पासपोर्ट." मी सासऱ्यांकडे बघितलं. म्हटलं, हा माणूस पेपर वाचतो, लेथवर केसाएवढा फरक पडला तर केलेला पार्ट फेकून देतो, ते काहीतरी बोलतील. तर सासरे उभे, हातात चहाचा कप. म्हणाले, "आई म्हणतेय ना… लेकरांच्या जिवासाठी म्हणतेय." आणि कप तसाच ठेवून, कुलूप घालून, निघाले पुढे! रुमालवाला माणूस!

आलो टेम्पोत बसून चामटोलीला. मला वाटलं, चला, दिरांचं घर आहे, पंखा आहे, संडास आहे. छे! आजी गावातच शिरू देईनात. "पडल्या घरचा माणूस गावात शिरत नाय." चुलतदीर कोंडाजी दारात उभे, "या आजी, या," म्हणतायत, आणि आजी लांबूनच, "सरक मागं! शिवू नको आमाला!" मग कुठं राहायचं? तर भातशेतीच्या कडेला राखणीची खोप. चार बांबू, वर पेंढा. त्यात आम्ही सहा जणं! आणि ही माझी मस्कतची पोरं, ज्यांना मी पाणी उकळून, गाळून, परत उकळून द्यायचे… ती ओढ्यात बसलेली! कोंडाजी दोन्ही वेळेला भाकरी बांधावर ठेवायचे आणि लांबून ओरडायचे, "वहिनी, नेवा!" कावळे यायच्या आत मी धावायचं. नवरात्र होतं, भोंडल्याला म्हणून नवी साडी आणलेली, ती घरात कुलुपात, आणि मी अंगावरच्या गाऊनवर बांधावरून पळतेय.

आणि सगळ्यात मोठी गंमत सांगू? कशापासून पळालो आम्ही? उंदरापासून. आणि आलो कुठं? पिकल्या भातात! अहो, उंदीरच उंदीर! असे बोक्याएवढाले! बिळं काय, वाटा काय, पेंढ्यात काय… एक तर केदारच्या पायावरून गेला. मी किंचाळले, "आजी, उंदीर!" तर म्हातारी तंबाखू मळत म्हणते, "मेलेला हाय का? नाय ना? मंग काय व्हत नाय. आन् हे शेतातलं हायत, ते येगळं." वेगळं म्हणजे? त्यांना प्लेगने सूट दिलीय का?

बरं, इकडे चाळीत काय झालं ते ऐका. आम्ही असे अंगावरच्या कपड्यांनिशी पळालो म्हटल्यावर लोक काय समजणार? दौलतरावांच्या घरात प्लेग निघाला! कोणी म्हणतं पोरगा गेला, कोणी म्हणतं म्हातारी गेली. माझ्या माहेरी उल्हासनगरला निरोप पोचला, माझा भाऊ बिचारा रडत शेतात आला. शेवटी मी म्हटलं, बास! आजींचा डोळा लागला तशी सासऱ्यांकडून चावी घेऊन निघाले आणि थेट घर गाठलं. दारासमोर पांढरी पावडर, गुडघाभर! आमच्या कुलपावर चाळवाल्यांनी दुसरं कुलूप घातलेलं. द्रौपदीबाई जिन्यावरून, नाकाला पदर लावून, "अंजनी, वर नको येऊ हं बाई." म्हटलं, द्रौपदीबाई, आम्ही ठणठणीत आहोत, एक उंदीर मेला फक्त. तर ती बाई खाली बघून काय म्हणते माहितीये? "तो ना… तो मीच मारला. धुरी घेऊन आले तेव्हा भज्यात उंदराचं औषध घालून ठेवलं होतं गं तुमच्या मोरीत." मला घेरीच यायची बाकी राहिली! म्हटलं, अहो, मग तेव्हा तोंड का नाही उघडलंत? टेम्पो दारात लागला, तुम्ही हात हलवून टाटा केलात आम्हाला! तर म्हणते, "आजी एवढं जिवाचं करत होत्या… आणि घरात पोरं असताना भज्यात विष घातलं म्हटलं असतं, तर तू मला फाडून खाल्लं असतंस. घातलं ते लेकरांच्या जिवासाठीच ना गं!"

आता हिला काय करू मी? चावू?

तिच्याकडूनच दुसऱ्या कुलपाची चावी मागून घेतली, पासपोर्ट घेतले, शेतात आले, सगळ्यांना सांगितलं. आजी, तो उंदीर औषधाने मेला! आजी काय म्हणाल्या? "पडला ना? मंग!" संपलं.

तेवढ्यात कळलं, विमानं सुटणार. पण डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे, की ह्या माणसांचा प्लेगशी काही संबंध आलेला नाही. नेलं पोरांना बदलापूरला डॉक्टरकडे. छान अंघोळ घालून, पावडर लावून, केसांचा भांग पाडून. डॉक्टरही चांगला हो, छाती तपासली, जीभ बघितली, लिहायला पेन काढलं. आणि उगीच, लाडाने, केदारला विचारलं, "काय राजे, घरी उंदीरबिंदीर नाही ना?" आणि हे माझं सत्यवादी पोर! मीच शिकवलंय ना, खोटं बोलायचं नाही म्हणून! सांगतोय हात करून, "होता! मेलेला! मी बघितला! मग पणजी म्हणाली पळा, मग आम्ही सगळे पळालो, आता आम्ही शेतात राहतो आणि गावातले लोक आम्हाला हात लावत नाहीत!"

डॉक्टरची खुर्ची सरळ भिंतीला जाऊन टेकली. पेनाला टोपण लागलं. मी म्हणतेय, डॉक्टर, भज्यांमुळे मेला तो, भज्यांमुळे! तो म्हणतो, "बाई, भजी मला माहीत नाहीत. तुम्ही जिथं आहात तिथंच राहा काही दिवस, ताप नाही आला तर बघू." म्हणजे परत खोप! परत बांधावरची भाकरी! आणि आजी कशा खुशीत! "बघ, डाक्टर पण म्हनला ना? डाक्टर शिकलेला हाय!"

काल मिळालं एकदाचं सर्टिफिकेट. हे बघा, पिशवीत हात घालूनच बसलेय मी. विमान सुरू झालंय, सीट मिळालीय, आता फक्त ह्यांना सांगायचं की एअरपोर्टला या… लागला? आण्णा, लागला का? द्या, द्या इकडे!

हॅलो! अहो, मी! हो, अंजनी! सर्टिफिकेट मिळालं! …हो, तिघांचं! …पोरं मस्त आहेत, काळी झालीत फक्त. ऐका, शुक्रवारचं विमान आहे, एअरपोर्टला… काय? ऐकू येत नाही, मोठ्याने बोला! …कोण म्हणतंय, आम्ही प्लेग आणू? बिल्डिंगीतले? अहो, पण आम्हाला काही झालेलंच नाही! …बरं. …बरं, मग? …चावी वॉचमनकडे? चावी कशाला, तुम्ही कुठं चाललात?

…साइटवर. वाळवंटात. तंबूत? …आम्ही आल्यावर किती दिवस? …"पंधरा-वीस, जरा अंदाज येईपर्यंत"? …अहो, तुमची काय चूक, तुमच्या आजीने सांगितलं असेल… नाही? तुमचं तुम्हालाच सुचलं? …हो. हो, कळलं. ठेवते.

बघितलंत काका? मी ह्याच्या लेकरांसाठी डॉक्टरच्या पाया पडले, आणि हा घर सोडून चाललाय! आजीला शिकवावं लागलं नाही, काही नाही, दूध पिताना आलंय पोटात. …नाही हो, रडत नाही मी, चिडलेय. शुक्रवारी जाणार म्हणजे जाणार! तंबूत तर तंबूत, वेणूला एकदा समोर उभी करीन आणि लांबून बोट दाखवून सांगीन, बाळा, तो बघ, तो पळतोय ना… तो काका नाही, तो तुझा बाप.