काकांनी बेतलेला पत्रा

तुम्ही आमच्या काकांना नुसते शिंपी समजता, म्हणून सांगतो. बन्नीमंटपच्या गॅरेजात मी एका डॉक्टरांच्या फार जुन्या गाडीला पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवत होतो. तो मोठा निघाला, तळाचा पत्रा कापावा लागणार होता.

डॉक्टर म्हणाले, “माझ्या वडिलांची गाडी आहे. चुकलास तर असा पत्रा पुन्हा मिळायचा नाही.”

मी कटर खाली ठेवला. शेवटी काकांना बोलावलं. त्यांनी टेपने मापं घेतली, कागदाचा नमुना कापला आणि पत्र्यावर खडूने रेघ मारली.

“काप आता, भिऊ नको.”

मी रेघेवर कापलं. गिअरबॉक्स नेमका बसला.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. “काका, हे काम कुठे शिकलात?”

“अय्यो सार, गाडी पहिलीच. पण सुटलेलं पोट लग्नातल्या कोटात बसवायला लोक रोज येतात.”