ट्रक बिघडला नव्हता

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या तालुक्याचे प्रमुख बातसुखसाहेब, व्यासपीठावर बसलेले मुख्याध्यापक चोइजिलसर, शिक्षण खात्याकडून एवढा धुळीचा रस्ता तुडवत आलेल्या पाहुण्या, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सत्कारमूर्ती त्सेवेलमाबाई, शिक्षकवृंद, सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या ताई, आणि जनावरं कुणाच्या तरी गळ्यात टाकून आलेल्या माझ्या पालक बंधुभगिनींनो,

मी पुरेवदाश. मेंढपाळ. पाचवीतल्या एनेरेलचा बाप. पालकांच्या वतीने चार शब्द बोलायचा मान मला मिळाला आहे. मान म्हणजे काय, तर सरांनी विचारलं तेव्हा बाकीचे सगळे चहाच्या वाडग्यात तोंड घालून बसले होते आणि माझा वाडगा तेवढा रिकामा होता.

बाईंनी बत्तीस वर्षं हे वसतिगृह सांभाळलं. सहा-सहा वर्षांची लेकरं, आईबाप चाळीस किलोमीटरवर, आणि बाहेर उणे तीस. त्यांची नखं कुणी कापली? ओले बूट कुणी वाळवले? मीही त्यातलाच एक. पहिल्या हिवाळ्यात मी रोज रडायचो. बाईंनी कधी गप्प बस म्हटलं नाही. माझ्यासमोर बुटांचा ढीग टाकला आणि म्हणाल्या, "रडायचं तर रड, पण हात रिकामे ठेवू नकोस. हे चुलीपाशी ओळीने लाव." आठवडाभरात मी रडायचं विसरलो. बूट मात्र आजही ओळीने लावतो, माझी बायको दुल्मा साक्षीला आहे.

सरांनी मला विषयही दिला आहे. 'शाळेतली नियमित हजेरी आणि पालकांचं सहकार्य.' सर, या विषयावर माझ्याइतका लायक वक्ता तुम्हाला शोधून सापडला नसता. मार्चपासून आजपर्यंत माझ्या मुलीचे एक्कावन्न दिवस बुडाले आहेत. तिने बुडवले नाहीत. मी बुडवले.

पाहुण्यांना म्हणून सांगतो, इथल्या बाकीच्यांना ते सांगायची गरज नाही. यंदा बर्फाखाली गवत गोठलं. माझ्या तीनशे मेंढ्यांतल्या मार्चमध्ये ब्याण्णव उरल्या. ज्या उरल्या त्या व्यायल्या, पण अंगात ताकद नाही, सडाला दूध नाही. अशी मेंढी आपल्याच कोकराला लाथ मारते. मग तिच्यापाशी बसून गावं लागतं. तोइग, तोइग, तोइग. तासन्‌तास. कधी तिचं मन वितळतं, ती पान्हा सोडते, कोकरू जगतं. माझा आवाज ऐकला की मेंढी पळून जाते, हे तुम्ही आता ऐकताच आहात. दुल्माचा बरा आहे. पण एनेरेल गायला लागली की दगडासारखी उभी असलेली मेंढी मान वळवून कोकराला हुंगायला लागते. अकरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात काय आहे, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत होतं, की ती घरी असली की कोकरं जगतात.

मार्चमधल्या एका शुक्रवारी, नेहमीसारखी सुट्टीला, तिला घरी आणली. सोमवारी म्हटलं, तीनच मेंढ्या राहिल्यात, बुधवारी सोडतो. बुधवारी आणखी पाच व्यायल्या.

शाळेला कळवायला टेकडीवर जावं लागतं, खाली फोनला रेंज नाही. मी सांगणार होतो, पोरगी आजारी आहे. दुल्मा भडकली. म्हणाली, "चांगल्या पोरीवर आजार बोलू नकोस. खोटंच बोलायचंय ना, मग ट्रकवर बोल." म्हणून ट्रक बिघडला. पहिल्या आठवड्यात चाक गेलं, दुसऱ्या आठवड्यात पंप गेला. एप्रिलपर्यंत त्या ट्रकचा एकही भाग शिल्लक राहिला नव्हता, आणि ट्रक दारात ठणठणीत उभा होता. दाम्बाकाका, हसू नका. तुमच्या नातवाच्या वेळी तुमची मोटारसायकल किती वेळा बिघडली ते बाईंच्या हजेरीच्या वहीत आहे.

त्या वहीत बघून बाई आमच्याकडे आल्या. कुणाच्या तरी जीपमध्ये, लोकरीच्या गाठोड्यांवर बसून. आल्या, बसल्या, चहा घेतला. रीतीप्रमाणे विचारलं, जनावरं सुखरूप आहेत ना? आणि मीही रीतीप्रमाणे म्हणालो, सुखरूप आहेत. तंबूमागे मेलेल्या मेंढ्यांचा ढीग होता. बाई त्याच्याशेजारून चालत आल्या होत्या. पण आपल्यात या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. माझ्या बापानेही कधी दिलं नाही.

बाईंनी दुसरा वाडगा संपवला. मग म्हणाल्या, "जनावरं सुखरूप. पोरगी सुखरूप, मी बघतेय. ट्रकही सुखरूप दिसतोय. मग पुरेवदाश, माझ्या वसतिगृहात एक खाट रिकामी आहे ती कशाने?"

तेव्हा मी तोंड उघडलं. मेलेल्या सगळ्या मेंढ्या सांगितल्या. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हे तू टेकडीवरून पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर वरच्या वर्गातल्या पोरांच्या आया घेऊन मी तुझ्याकडे आले असते. बायका गातात की. त्याला लहान पोर कशाला लागतं?" आणि मंडळी, या बाईंनी, गुडघे दुखतात या बाईंचे, बाह्या वर केल्या आणि माझ्या कोंडवाड्यात शेणात बसल्या. शनिवार गेला, रविवार गेला. सात मेंढ्यांपाशी गायल्या. तीन मेंढ्यांनी कोकरं घेतली, चार कोकरं मेली. सोमवारी एनेरेलला घेऊन बाई गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "चार गेली, ती माझ्या आवाजामुळे गेली असं समज. पोरीला तसं वाटू देऊ नकोस."

आता इथे थांबलो असतो तर हे भाषण झालं असतं. टाळ्या वाजल्या असत्या.

पण पुढच्या शुक्रवारी मी एनेरेलला घरी आणली आणि सोमवारी परत ठेवून घेतली. बाई माझ्या शेणात बसून गेल्यानंतर! याला काय म्हणावं? तुम्हीच सांगा. आता शेळ्याही व्यायला लागल्या होत्या, मी घाबरलो होतो. मोठ्या मेंढ्याही ब्याण्णवच्या अठ्ठ्याऐंशी झाल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला फक्त आजचा दिवस दिसतो. आणि या वेळी फोन घेऊन मी टेकडीवर चढलोच नाही.

पोरीने विचारलं होतं, बाबा, शाळा? मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "तुझ्याशिवाय इथे कुणाचं चालतं, सांग?" मला वाटलं मी कौतुक करतोय. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. दुल्मा तिकडे तोंड फिरवून उभी राहिली.

मे महिन्यात कोकरं उड्या मारायला लागली तेव्हा मी तिला शाळेत आणून सोडली. फळ्यावर अपूर्णांक होते. तिच्या बाकावर दुसरी मुलगी बसली होती. तिला कुणी काही वाईट बोललं नाही, हे मी शिक्षकांच्या बाजूने सांगतो. फक्त ती सोडून सगळ्यांना सगळं येत होतं. तिने तीन दिवस काढले. शुक्रवारी ट्रकमध्ये बसली आणि म्हणाली, "बाबा, मी परत येणार नाही. इथे माझ्याशिवाय चालतं. तिकडे चालत नाही, तुम्हीच म्हणालात."

मंडळी, मी खूप सांगून पाहिलं. ओरडलो. मग हात जोडले. पोरीपुढे हात जोडले मी. दुल्मा रडली. एनेरेल आमच्यासाठी चहा करते, लाकडं आणते, कोकरांना पाणी दाखवते, एका शब्दाने उलट बोलत नाही, आणि सोमवारी गाडीत बसत नाही. सोमवारी वार्षिक परीक्षा आहे. ती बसली नाही तर तिला हाच वर्ग पुन्हा काढावा लागेल, लहान मुलांमध्ये, आणि मी माझ्या पोरीला ओळखतो, ती तिथे एक दिवसही बसणार नाही. म्हणजे शाळा संपली. अकराव्या वर्षी. तिला डॉक्टर व्हायचं होतं, जनावरांची. मी मेंढ्या वाचवल्या.

आणि तिला घरून परत आणू शकेल असं आजवर एकच माणूस होतं. ते माणूस उद्या लेकीकडे राहायला चाललंय. बाई, तुम्हाला अडवत नाही. बत्तीस वर्षांत तुम्ही आमच्या दारात इतक्या वेळा आलात, की आता तुमच्या गुडघ्यांकडे आणखी काही मागायला आम्हाला तोंड नाही.

तेव्हा मी तुम्हा पालकांना विचारतो. वसतिगृहात चौसष्ट खाटा आहेत. एप्रिलमध्ये किती भरल्या होत्या? एकतीस. बाकीच्या तेहतीस पोरांचे ट्रक बिघडले होते का? अरे, आपलं संकट खरं आहे, खोटं कुणी म्हणत नाही. पण ते शाळेला सांगा. शेजाऱ्याला सांगा. जनावरं सुखरूप आहेत का विचारलं, तर यापुढे खरं बोला, पूर्वजांना काय वाटायचं ते वाटू दे. पुढच्या वर्षी मेंढ्या व्यायल्या की मी दाम्बाकाकांकडे जाईन, काकू माझ्याकडे येतील, पण पोरं इथे राहतील. आठवडाभर शाळेत काय झालं ते शुक्रवारी त्यांना विचारा. मी कधी विचारलं नाही, फक्त आलीस का, चल कोंडवाड्यात, एवढंच म्हणालो. 'तीनच मेंढ्या राहिल्यात' असं कुणी म्हणालं तर त्याला माझं नाव सांगा.

अध्यक्षसाहेब, वेळ झाल्याची खूण दिसली. दोनच मिनिटं.

एनेरेल आज आली आहे. बाईंना निरोप द्यायला निळं रेशमी वस्त्र घेऊन आली आहे, पण ट्रकमधून उतरत नाही. फाटकापाशी आहे ट्रक. म्हणाली, बाई बाहेर आल्या की देईन, शाळेत पाय ठेवणार नाही.

नाही, बाई. बसा. कृपा करून बसा. तुम्ही उठणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच हे शेवटपर्यंत बोललो नाही. या वेळी तुम्ही जायचं नाही. तुम्ही आणलीत तर ती तुमच्यासाठी येईल, आणि उद्या तुम्ही नसाल. तिला घरी थांबवलं मी. जायला मलाच हवं. तुझ्याशिवाय आमचं चालेल, पोरी, असं तिला माझ्याच तोंडाने सांगायला हवं, आणि ते किती कठीण आहे ते ज्यांनी ती गाताना ऐकलीय त्यांनाच कळेल. ती ऐकेल का? मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही.

तुम्ही सर्वांनी एका मेंढपाळाचं बोलणं इतका वेळ ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलता बोलता काही जास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. तुमची माफी मी इथेच मागून घेतो. दुसरी मागायला बाहेर जातो. तोवर जेवायला बसू नका.