पेटीत नेमकं काय हवं

सासूबाई : तो मोठा पाना काढ पेटीतून. त्याला बसेल असा एकही बोल्ट नाही आपल्या जीपमध्ये.

सून : पण आई, यादीत आहे तो.

सासूबाई : यादी कुणी केली?

सून : तुमच्या चिरंजीवांनी. फोनवर पाठवली. चौऱ्याहत्तर वस्तू आहेत.

सासूबाई : तरीच! सायकलची चेन उतरली की शेजाऱ्यांना हाका मारायचा तो. काढ सगळं बाहेर, पायरीवर मांड.

सून : अहो, तास गेला माझा भरण्यात.

सासूबाई : आणि लशीची पेटी कुठे ठेवणार? डोक्यावर?

सून : मागच्या सीटवर बसेल की. थोडी तिरकी.

सासूबाई : तिरकी म्हणे! गुरांची डॉक्टर ना तू? गेल्या खेपेला लस गरम झाली म्हणून सगळी फेकून दिलीस, विसरलीस?

सून : कशी विसरेन? सात तास ओढ्यात अडकलो होतो. तो भाड्याचा ड्रायव्हर नशिबाला बोल लावत बसला आणि मी बर्फ वितळताना बघत बसले. आता तर तो यायलाच तयार नाही, म्हणून बाबांची जीप काढायची वेळ आली. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, उद्याही लस वाया गेली तर वरच्या गावांची फेरी कायमची बंद. तिथल्या गुरांना दुसरं कोण आहे?

सासूबाई : म्हणूनच म्हणते, थोडं घे पण नेमकं घे. हे काय, रेडिएटरचा नवा पाइप पेटीत?

सून : नवाकोरा आहे. जपून ठेवलाय.

सासूबाई : उलटं केलंस. नवा गाडीला लावायचा आणि गाडीतला जुना पेटीत ठेवायचा. जुना बसतो हे आपल्याला ठाऊक आहे. नवा अर्धा इंच आखूड निघाला, तर ते इथे अंगणात कळू दे.

सून : म्हणजे आत्ता बदलायचा? मी?

सासूबाई : मग काय शेजारीण? इंजिन गार आहे, घे स्क्रू ड्रायव्हर. आणि एक कायम लक्षात ठेव, इंजिन तापलेलं असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. कितीही घाई असो. हं, क्लिप सैल कर. दुसरीकडे फिरव. आता पाइप पीळ देत काढ, नुसता ओढू नको.

सून : तुम्ही तर इकडे बघतसुद्धा नाही आहात!

सासूबाई : ऐकू येतंय ना.

सून : मला वाटायचं, तुम्ही बाबांच्या शेजारी बसून नुसते पाने द्यायच्या.

सासूबाई : द्यायचे की. पहिली चौदा वर्षं.

सून : आणि नंतर?

सासूबाई : नंतर ह्यांना जवळचं दिसेनासं झालं. लांबचं लख्ख दिसायचं, गाडी झकास चालवायचे. पण हातातला स्क्रू दिसायचा नाही. आणि चष्मा लावायला तयार नाहीत! चष्मेवाल्याच्या गाडीत बसून घाट चढायला कोण प्रवासी येईल, म्हणायचे. मग गाडी बंद पडली की आम्ही दोघंही बॉनेटखाली वाकायचो. हात माझे, शिव्या त्यांच्या.

सून : आणि नाव?

सासूबाई : नावही त्यांचंच. तेव्हा काही वाटलं नाही गं, घर चालत होतं. आता वाटतं कधीकधी.

सून : घरात माहीत आहे हे कुणाला?

सासूबाई : कुणी विचारलंच नाही. परवा तू म्हणालीस, आई, पेटी कशी भरायची ते शिकवा. मी आत जाऊन रडले जराशी.

सून : मला वाटलं, कांदा चिरताय.

सासूबाई : कांदाही होता. बसव तो पाइप.

सून : आई, उद्या चला ना माझ्याबरोबर. तुम्ही शेजारी असलात की मला कशाची भीती नाही.

सासूबाई : नाही येणार.

सून : गुडघे दुखतात म्हणून?

सासूबाई : गुडघ्यांचं काय, गाडीत बसूनच जायचंय. पण मी आले तर हात माझेच चालतील आणि तू पाने देत बसशील. नको. ही फळी घे, जॅकखाली ठेवायला. वाळूत जॅक रुततो आणि गाडी जागची हलत नाही. पाण्याचा कॅन घेतलास?

(दुसऱ्या दिवशी दुपारी, फोनवर.)

सून : आई, झालं! दोनशे अकरा गुरं! लस शेवटपर्यंत गार होती.

सासूबाई : आणि गाडी?

सून : बंद पडली होती. दुसऱ्या ओढ्याच्या अलीकडे पाइप निसटला, वाफच वाफ. काल क्लिप मीच सैल ठेवली होती.

सासूबाई : होतं असं. मग?

सून : मग काय! बसून रडले थोडा वेळ. तेवढ्यात इंजिन तरी जरा निवलं. उठून पाइप बसवला, क्लिप आवळली, कॅनमधलं पाणी भरलं. पाऊण तास लागला. पण एकटीने केलं, आई! तिथेच मोठ्याने म्हटलं, सासूबाई, तुमचे उपकार कसे फेडू? ऐकायला एक म्हैस होती फक्त.

सासूबाई : उपकार कसले? उलट मलाच बरं वाटतंय. इतकी वर्षं जवळ होतं, ते घ्यायला कुणीतरी आलं.

सून : गावात विचारलं, हे कुणी शिकवलं. मी सगळं सांगून टाकलं. बाबांच्या डोळ्यांचंसुद्धा. चुकलं का माझं?

सासूबाई : नाही गं. त्यांनीच सांगायचं होतं, राहून गेलं. हाताला लागलं नाही ना कुठे?

सून : थोडंसं भाजलं. क्लिप अजून तापलेलीच होती. डावा अंगठा.

सासूबाई : पहिल्या वेळी माझाही तोच भाजला होता.