होडीतली जीपची सीट

कराडच्या स्टँडवर मी कोयनानगरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक नवरा-बायको बसले होते. मध्ये मोडीत घेतलेली जीपची सीट.

“गाव धरणात गेलं, तवा बसाय पाट न्हवता. आन् आता आपल्या इंजिनाच्या होडीत गादी पायजे व्हय?”

“फळीवर बसून कंबर गेली माजी, साळू.”

“व्हय की. पर लोक म्हनतील, होडीवाला राजा झाला!”

“म्हनू द्यात. तू जरा बसून बघ.”

“हितं? समद्या स्टँडाम्होरं?”

“बस म्हनतो न्हवं.”

“बसले बाई. मऊ हाय लय. पर आवं, ठेंगनी हाय. तुमचं गुडघं कानाला लागतील!”

“तुजं पाय टेकलं का?”

“टेकलं की.”

“आता समोर चाक हाय असं समज. हात पुरत्यात?”

“पुरत्यात. पर माजं माप कशाला?”

“उद्यापास्नं चाक तुज्याकडं.”

“काय बी बोलता! मी होडी हाकायची?”

“मी पडशानं पडलो, तवा कुनी हाकली?”

“ती दोन दिसांची गोष्ट.”

“डाक्टर म्हनला, आता गादीवर बसून बी हाकू नगंस. होडी सोड. मग इकायची का?”



“मला भाइर बसवून आत डाक्टरसंगं हेच बोलत हुता व्हय?”

“व्हय.”

“इकायची न्हाई.”

गाडी लागली. तो सीट उचलायला वाकला.

“सोडा आधी. माज्या सीटला हात लावायचं काम न्हाई.”